अन्य भाषा येत नाही, म्हणजे पवित्र आत्मा मिळालाच नाही का?

फोंड्याची ताई:
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमची मराठी मंडळी (चर्च) लहान. कोणी कोल्हापूरकडून कामासाठी आलेलं, कोणी बेळगावचं, काही घरं सावंतवाडीची. फोंड्यात भाड्याच्या हॉलमध्ये उपासना होते. उन्हाळ्यात आमची तरुण मुलं एका शिबिराला जाऊन आली आणि अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने स्वतः न शिकलेल्या भाषेत, प्रार्थना करू लागली. मला आनंदच झाला, त्यांची तळमळ खरी आहे. पण आता उपासनेत पाच-सहा जण एकाच वेळी मोठ्याने बोलतात, अर्थ कोणीच सांगत नाही. आणि ज्यांना हे दान नाही त्यांना "तुमचा आत्म्याने बाप्तिस्मा झालेलाच नाही" असं तोंडावर ऐकवलं जातं.

आमच्यात एक वयस्क मावशी आहेत. मंडळीतलं कोणी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दाखल झालं की त्या बांबोळीला डबा घेऊन जाणार, रात्रभर उशाशी बसणार. परवा मला म्हणाल्या, "माका काय्येक गावला नाय गो बाय" (मला काहीच मिळालं नाही). ते ऐकून पोटात तुटलं. मुलांनाही दुखवायचं नाही. बोलायला सुरुवात कुठून करू?

निवृत्त शिक्षक, म्हापसा:
ताई, बायबलमधलं १ करिंथ १२:२८ मोठ्याने वाचा, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र. रोग बरे करण्याच्या दानांनंतर लगेच पौल साहाय्य करणाऱ्यांचं नाव घेतो. अन्य भाषा त्या यादीत शेवटी येतात. म्हणजे मावशींचं दान शास्त्रातच लिहिलेलं आहे, हे त्यांना आजच सांगा. करिंथातही गट पडलेच होते: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा.

वास्कोहून एक पाळक:
मुलांना गप्प करू नका. त्याच पत्रात १४:३९ मध्ये अन्य भाषा बोलायला मनाई करू नका, असं स्पष्ट आहे आणि पौल स्वतःही बोलत असे. पण त्याच अध्यायात शिस्तही आहे: दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावं आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत शांत राहून स्वतःशी आणि देवाशी बोलावं. बाप्तिस्म्याच्या वाक्याला उत्तर १२:१३ मध्ये आहे. तिथे पौल म्हणतो, आपण सर्व एकाच आत्म्याने एका शरीरात बाप्तिस्मा पावलो. सर्व! वाटल्यास मुलांना शुक्रवारी वेगळी प्रार्थनासभा द्या.

मडगावकर:
मी कॅथलिक, करिस्मॅटिक (आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) प्रार्थनागटात जातो. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन संस्काराच्या) वेळी आम्हाला आत्म्याची सात दानं शिकवतात. ज्ञान, समज, धैर्य, देवाचं भय वगैरे, यशया ११ मधली. त्यांत अन्य भाषा नाही, म्हणून आमच्या गटात कोणी तिला कसोटी मानत नाही.

फोंड्याची ताई:
मनापासून आभार. पाळकसाहेब, वेगळ्या सभेला मात्र माझं मन तयार नाही. आमच्यासारख्या मूठभर लोकांत शुक्रवारची एक मंडळी आणि रविवारची दुसरी व्हायला वेळ लागणार नाही. पाळीपाळीचा नियम मी आमच्या मंडळीच्या वडीलजनांच्या बैठकीत मांडते. १२:२८ मावशींना फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. सध्या आमचे एक बंधू गोमेकॉत आहेत. मुलांपैकी दोघांना मावशींबरोबर रात्री थांबायला पाठवते आहे, ती "हो" म्हणालीत.