मदत हवी आहे: ‘दिवाळखोर’ की ‘दिवाळेखोर’? आणि त्यात दिवा कुठून आला?

मंडळी, अप्पा बळवंत चौकाजवळ एका पुस्तकाची मुद्रितं तपासतोय. जुन्या पेढीवरच्या प्रकरणात लेखकाने सगळीकडे ‘दिवाळेखोर’ लिहिलंय. मी पेन्सिलीने ‘ळे’चा ‘ळ’ केला, त्यांनी लाल शाईने पुन्हा मात्रा चढवली!

माझं म्हणणं, ‘भांडण’चं जसं ‘भांडखोर’, तसं ‘दिवाळे’चं ‘दिवाळखोर’. 2016 च्या कायद्याच्या मराठी नावातही ‘नादारी व दिवाळखोरी’ असंच वाचलंय. ‘नादार’ सरळ आहे, फारसी ना + दार, म्हणजे जवळ काही नसलेला. ‘खोर’ही फारसी, खाणारा. पण हा बिचारा दिवाळं खातो कसा? लाचखोराचं समजू शकतो.

लेखकाला तळटीपही हवी आहे: बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावायचा, म्हणून ‘दिवाळे’. गोष्ट झकास आहे, म्हणूनच संशय येतो. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे शब्दकोश घरी नाहीत, शुक्रवारी पानं छापायला जाणार. अर्थ ठाऊक आहे, तो नको.

कोणाकडे कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश असेल तर ‘दिवाळे’ या नोंदीत दिव्याशी नातं सांगितलंय का? आणि ‘दिवाळेखोर’ हे रूप कुठल्या कोशात दिलंय का?