कोकण किनाऱ्यावरचा अमूर ससाणा

नोव्हेंबरमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर दिसलेला अमूर ससाणा वाट चुकून आला असावा, हा काहींनी मांडलेला तर्क मला पटत नाही. हा पक्षी कोकणात क्वचित दिसतो हे खरे. पण आपला किनारा त्याच्या नेहमीच्या वाटेवरच आहे. पूर्व सायबेरिया व उत्तर चीनमध्ये वीण आटोपून हे ससाणे ऑक्टोबरात नागालँडमध्ये लाखोंच्या संख्येने उतरतात, उडत्या वाळवीवर पोसतात आणि नंतर द्वीपकल्प ओलांडून थेट अरबी समुद्रावर झेपावतात. २०१३ मध्ये उपग्रह-यंत्र बसवलेल्या पक्ष्यांमुळे हा मार्ग नोंदला गेला. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा जीव न थांबता सोमालियापर्यंत जातो, याचे मला दरवर्षी नव्याने अप्रूप वाटते! बहुतेक थवे फार उंचावरून जात असल्याने ते नजरेतून सुटतात.

ओळख पटवताना मात्र घाई नको. नर राखाडी, पोटाखाली तांबूस आणि पंखांखाली पुढच्या भागात शुभ्र असतो. मादीच्या फिकट छातीवरील गडद खुणांमुळे तिची इतर लहान ससाण्यांशी सहज गल्लत होते, म्हणून तिचे नारिंगी पाय दिसतील असे छायाचित्र असल्यास ते नोंदीसोबत अवश्य जोडावे.