‘पश्चात्ताप’ आणि ‘पाप पदरी घेणे’

प्रश्न : मी आमच्या मंडळीत संडे स्कूल घेते. गेल्या रविवारी योहानाच्या पहिल्या पत्रातलं ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली’ हे वचन पाठ करून घेत होते. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, “टीचर, पाप पदरी घ्यायचं म्हणजे अजून पाप करायचं?” तिची चूक नाही. घरात आपण ‘हे पाप मी पदरी घेणार नाही’ असंच म्हणतो. मग पवित्र शास्त्रात हा शब्दप्रयोग का आला? ‘पश्चात्ताप करणे’ आणि हे एकच का?

उत्तर : ताई, एकच नाही.

आधी ‘पश्चात्ताप’. पश्चात् अधिक ताप, म्हणून दोन त. ‘पश्चाताप’ हे लेखन चुकीचं. शब्दाचा अर्थ मागाहून होणारी जळजळ, एवढाच. पण येशूच्या ‘पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे’ या वाक्यात मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’च्या कुळातला आहे, आणि त्यात मन पालटणं आहे. जुन्या करारातले संदेष्टे तर ‘शूव’ हे साधं हिब्रू क्रियापद वापरतात : वळ, माघारी फिर. चुकीच्या वाटेला लागलेला माणूस नुसता हळहळत तिथेच उभा राहिला, तर तो शूव नव्हे. आपल्या मराठी शब्दात ताप आहे, वळणं नाही. ते आपल्याला शिकवताना भरून काढावं लागतं.

येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा, त्याच्याबद्दल मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या 27व्या अध्यायात ग्रीकमध्ये वेगळं क्रियापद वापरतो, मराठीत आपण ज्याला पस्तावणं म्हणतो ते. त्याला दुःख खरंच झालं होतं. त्याने तीस रुपये मंदिरात फेकूनही दिले. पण तो प्रभूकडे वळला नाही. येशूला नाकारणारा पेत्रही अटकेच्या रात्री रडला, आणि परत आला.

आता ‘पदरी घेणे’. त्या वचनातलं ग्रीक क्रियापद ‘होमोलोगेओ’, शब्दशः ‘तेच म्हणणे’. देव माझ्या कृत्याला जे म्हणतो तेच मीही म्हणायचं. तो चोरी म्हणत असेल तर मी ‘ओढाताण’ म्हणायचं नाही. याला ‘कबूल करणे’ चाललं असतं, इतर ठिकाणी तसं आहेही. पण कबुली पोलिसांपुढेही देता येते, पुरावा समोर आल्यावर. पदरी घेणं म्हणजे हे माझं आहे म्हणून उचलून आपल्याकडे घेणं. तुमच्या विद्यार्थिनीने ऐकलेला अर्थ, पापाचा वाटेकरी होणं, आणि हा अर्थ मुळात एकाच ठिकाणाहून येतात : जे पदरात आलं ते आपलं. फरक इतकाच की इथे पाप आधीच करून झालेलं आहे, आणि ते कोणाचं एवढंच सांगायचं राहिलंय.

दोन राजे शेजारी ठेवून बघा. शत्रूचं सगळं नष्ट करायची आज्ञा मोडून मेंढरं राखणारा शौल संदेष्टा शमुवेलाला म्हणतो, मी पाप केले आहे. पण त्याआधी मेंढरं लोकांनी राखली हे त्याने दोनदा सांगून झालेलं असतं, आणि लगेच पुढे विनंती करतो की वडीलजनांसमोर माझा मान राख. दुसऱ्याची बायको बथशेबा घेऊन तिच्या नवऱ्याला युद्धात मारवणाऱ्या दावीदापुढे संदेष्टा नाथान गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो, ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हणतो, आणि दावीदही तेच म्हणतो, मी पाप केले आहे. हिब्रूत दोघांचं क्रियापदही तेच आहे. दावीद बथशेबेचं नाव घेत नाही, युद्धाचं कारण सांगत नाही. शौलाने पाप कबूल केलं. दावीदाने पदरी घेतलं.

आपल्या मराठीत पळवाटा फार. ‘चूक झाली’, ‘हातून घडलं’, ‘कळत-नकळत काही पाप घडलं असेल तर क्षमा कर’. शेवटचं वाक्य मी वर्षानुवर्षं प्रार्थनेत म्हणत आलो. एका वर्षी मंडळीच्या अर्पणाचा हिशेब माझ्याकडे होता. त्यातले चारशे रुपये मी घरखर्चाला वापरले आणि पुढच्या महिन्यात गुपचूप भरले. वहीत बेरीज जुळली. प्रभुभोजनाच्या रविवारी गुडघे टेकले आणि तोंडातून आलं, ‘घडलं असेल तर’. त्या ‘असेल’वर मी अडकलो. तारीख मला माहीत होती, रक्कम माहीत होती, नोटा कुठल्या कप्प्यातून काढल्या तेही डोळ्यांपुढे होतं. ‘नकळत’ त्यात काहीच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा ‘मी घेतले’ असं म्हणालो, आणि दुपारी पाळकसाहेबांकडे वही घेऊन गेलो.

गोव्यातून : आमच्याकडे कोंकणीत पापनिवेदनाला ‘कुमसार’ हा शब्द आहे, पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’वरून आलेला. मिसाच्या, म्हणजे आमच्या कॅथलिक उपासनेच्या, सुरुवातीच्या प्रार्थनेत छातीवर हात मारत आम्ही जे म्हणतो त्याचं लॅटिन मूळ ‘मेआ कुल्पा’, माझा अपराध. ‘मेआ’ म्हणजे ‘माझा’. दादांच्या ‘पदरी’चं काम तिथे हा शब्द करतो. शिवाय जे करायचं होतं ते केलं नाही, त्याचाही उल्लेख त्याच प्रार्थनेत आहे. एक शंका : प्रायश्चित्ताचं काय?

उत्तर : तुमच्या परंपरेत पापनिवेदनानंतर धर्मगुरू प्रायश्चित्त सांगतात. आमच्या मराठी बायबलमध्ये, योहानाच्या त्याच पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आपल्या पापांबद्दलचं प्रायश्चित्त खुद्द ख्रिस्त आहे. या शब्दावरून युरोपात मोठा वाद झाला. लॅटिन बायबलमधलं येशूचं तेच ‘पश्चात्ताप करा’ हे वाक्य ‘प्रायश्चित्त करा’ असंही वाचता येत होतं. 1517 साली धर्मसुधारक मार्टिन लूथरने आपल्या 95 सिद्धान्तांतल्या पहिल्याच सिद्धान्तात लिहिलं की विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असावं, अशी प्रभूची इच्छा आहे. एका विधीत ते संपत नाही. मला ते पटतं, पण त्यामुळे आम्ही प्रॉटेस्टंट लोक दुसऱ्या माणसासमोर तोंड उघडायचंच विसरलो, हेही खरं आहे. याकोबाच्या पत्रात पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितली आहेत.

आणखी एक शब्द : 51व्या स्तोत्रातलं ‘भग्न व अनुतप्त हृदय’. अनुताप हा वारकरी संतांच्या तोंडचा शब्द. तुकोबांनी तर अनुतापात चित्त न्हाणं हेच प्रायश्चित्त म्हटलंय. मराठी ख्रिस्ती माणसाला हा शब्द या मातीतच मिळाला, याचा मला आनंद वाटतो.

प्रश्नकर्ती : खूप आभार, दादा. पण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आया ड्रेस घालतात. पदर म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे काही येतच नाही.

उत्तर : मग ‘नावावर घेणे’ म्हणा. जमीन कोणाच्या नावावर आहे हे शेतकऱ्याच्या पोराला बरोबर कळतं. वचन मात्र पाठ करून घ्या ते ‘पदरी’ ठेवूनच. आणि त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. तिने विचारलं नसतं तर मीही त्या शब्दापाशी थांबलो नसतो.