अंडं फलित आहे हे तुम्ही कसं ओळखलंत?

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांनो, आपापले अनुभव लिहा. सुरुवात माझ्या फजितीने. पहिली कोंबडी खुडूक झाली तेव्हा हौसेने 11 अंडी तिच्याखाली ठेवली. 21 दिवस गेले, 25 गेले. कोंबडी वाळून काटकी झाली, पिल्लू एकही नाही. आमच्याकडे कोंबडाच नव्हता! अंडी देते म्हणजे पिल्लंही होणार, असा माझा सरळ हिशेब. हसा खुशाल.

•••

माझं नेमकं उलटं झालं. कोंबडा देऊन टाकला, आता सगळी अंडी नुसतीच म्हणून निर्धास्त होते. आठवड्याभराने एक कोंबडी गवतात लपून बसली आणि चार पिल्लं घेऊनच बाहेर आली. कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-दोन आठवडे टिकतं, हे मला तेव्हा कळलं.

•••

ताजं अंडं बाहेरून बघून काही कळत नाही, फोडावंच लागतं. बलकावर पांढरट ठिपका असतो. असतो सगळ्यातच, पण नुसत्या अंड्यात तो बारीक, भरीव, कडेने वेडावाकडा. फलित अंड्यात जरा मोठा, 3-4 मिलिमीटरचा, गोल कडं काढल्यासारखा. दिसला नाही तर बलक चमच्याने हळूच वळवा, ठिपका खाली गेलेला असतो.

आणि लाल डाग म्हणजे कोंबड्याची करामत, हे आमच्या आत्याचं ठाम मत. तिला सांगून दमलो की ती फुटलेली बारीक रक्तवाहिनी असते, कोंबडा नसला तरी डाग येतो.

•••

उबवायला ठेवलेली अंडी मी सातव्या रात्री बघते. अंधार करायचा, रुंद टोकाला टॉर्च टेकवायचा. पहिलं अंडं आरपार पिवळं, म्हणजे नुसतं. दुसऱ्यात लाल कोळी पाय पसरून बसलेला, आणि मधला काळा ठिपका चक्क हलला! लेक एवढ्याने ओरडली की अंडं हातातून सुटता सुटता राहिलं. एकात नुसतं लाल कडं होतं. तो जीव आधीच गेलेला. गडद तपकिरी कवचातून धड दिसत नाही, ती अंडी दहाव्या दिवशी परत बघते. (कोंबडी चोच मारते. लांब बाह्या घाला.)

•••

पाण्यात टाकून बघणाऱ्यांनो, त्याने ताजं की शिळं एवढंच कळतं.

•••

खायला फलित अंडं चालतं का?

•••

चालतं की. चवीत फरक नाही, आणि ऊब मिळाल्याशिवाय आत काही वाढत नाही. रोज गोळा करून थंड जागी ठेवायची. खुडूक कोंबडीखाली किती दिवस होतं ते माहीत नसेल, तर मी आधी वेगळ्या वाटीत फोडते. एकदा थेट कढईत फोडलं होतं.