पुरुषांनी किल्टवर आणि स्कर्टवर वरचा कपडा कसा निवडावा?

परळकर

नमस्कार. गेले वर्षभर मी सुट्टीच्या दिवशी आणि अलीकडे शुक्रवारी कार्यालयातही किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार स्कर्ट, नेसतो. माझ्याकडे एक लोकरी टार्टन (स्कॉटिश चौकड्यांचा) किल्ट, एक काळा सुती, खिशांचा किल्ट आणि शिंप्याकडून शिवून घेतलेला घोट्यापर्यंतचा गडद निळा स्कर्ट आहे. लोक काय म्हणतील हा प्रश्न माझ्यापुरता कधीच निकालात निघाला आहे, त्यामुळे त्यावर चर्चा नको. अडचण आहे ती वरच्या कपड्याची. पॅन्टवर शोभणारे माझे बहुतेक शर्ट यांच्यावर बेढब दिसतात. बाहेर सोडले तर झबले घातल्यासारखे वाटते आणि खोचले तर पोट नजरेत भरते. माझी उंची साडेपाच फूट असून पोट थोडे सुटलेले आहे. मुंबईच्या हवेत रोज जाकीट घालणे शक्य नाही. तेव्हा शर्टाची लांबी आणि कापड कसे निवडावे, आणि लग्नाला जायचे झाल्यास काय घालावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सुईदोरा

दोष आपल्या शर्टांचा नाही. ते ज्या कमरेसाठी बेतलेले आहेत ती कंबर खाली आहे, इतकेच. पॅन्ट आपण बेंबीच्या तीन-चार बोटे खाली घालतो आणि तयार शर्टाची सुमारे 28 ते 30 इंच लांबी त्याच हिशेबाने ठरलेली असते. किल्ट मात्र बेंबीच्या रेषेवर बांधला जातो आणि गुडघ्याच्या वाटीशी संपतो, त्यामुळे तोच शर्ट बाहेर सोडला की जवळजवळ निम्मा किल्ट त्याखाली जातो. शिवाय किल्टच्या मागच्या चुण्या कमरेपासून नितंबांच्या सर्वांत रुंद भागापर्यंत शिवून बसवलेल्या असतात आणि तेथून पुढे मोकळ्या सुटतात. तो शिवलेला भाग दिसला तरच कंबर दिसते. तो झाकला गेला की नुसता फुगलेला घेर उरतो.

मी पॅटर्न कापण्याचे काम करतो, म्हणून माप कसे घ्यावे ते सांगतो. किल्ट नेसून ताठ उभे राहावे, मानेलगतच्या खांद्यापासून टेप छातीवरून किल्टच्या वरच्या कडेपर्यंत आणावी आणि येणाऱ्या मापात दोन-तीन इंच मिळवावेत. आपल्या उंचीला हे माप बहुधा 21 इंचांच्या आसपास येईल. बाहेर सोडायच्या शर्टाची लांबी एवढीच ठेवावी आणि खालची कड सरळ असावी. बाजूंना वर चढणारी गोल कड ही खोचायच्या शर्टाची असते. जुने शर्ट टाकून देण्याची गरज नाही, कोणताही अल्टरेशनवाला ते आखूड करून देईल. फक्त नव्या दुमडीच्या नेमक्या जागी बटण येत नाही ना, हे कापण्यापूर्वी पाहावे, कारण ते काज मग बुजवता येत नाही.

किंग्ज_सर्कल

सुईदोरा यांचे म्हणणे किल्टपुरते मान्य आहे, पण तो नियम लांब स्कर्टला सरसकट लावू नये. माटुंग्यात मुंडू किंवा वेष्टी, म्हणजे दाक्षिणात्य पद्धतीची लुंगीसारखी धोतरे, नेसलेले गृहस्थ अर्ध्या बाह्यांचा शर्ट बाहेर सोडूनच बाजाराला जातात आणि त्यात काहीही खटकत नाही. वेष्टीला मागे चुण्यांचा भार नसतो, ती नितंबांवरून सरळ खाली उतरते, आणि घोट्यापर्यंत असल्यामुळे वरचा काही भाग झाकला गेला तरी खाली पुष्कळ उरते. आपला निळा स्कर्ट सरळ बेताचा असेल तर नेहमीचा शर्ट खुशाल बाहेर सोडा. घेरदार असेल तर आखूड करा. गुडघ्यापर्यंतचा कुडता मात्र दोन्हींवर टाळावा, कारण घेरावर घेर आला की माणूस बुटका दिसतो.

काळ्या सुती किल्टवर मांजरपाटाची साधी बाराबंदी घातलेली मी पाहिली आहे आणि ती फार छान दिसत होती. तिला कॉलर नसते, ती पुढून एकावर एक येऊन बंदांनी बांधली जाते, आणि तिरकी कड पोटावरून जात असल्यामुळे पोट लपते. तिला जरी किंवा काठ मात्र लावू नका, नाहीतर आपण थेट रंगमंचावरून उतरून आलात असे वाटेल.

उत्तरवारा

लग्नाविषयी लिहितो. स्कॉटिश रिवाजात दिवसाच्या समारंभाला साधारणपणे आर्गाइल जाकीट आणि संध्याकाळच्या औपचारिक समारंभाला प्रिन्स चार्ली घालतात. दोन्ही नेहमीच्या कोटापेक्षा आखूड असतात, कारण किल्ट उंच बांधलेला असतो आणि पुढची कातडी थैली, म्हणजे स्पोरन, उघडी राहावी लागते. म्हणून आपल्या कपाटातला ब्लेझर किल्टवर घालू नये. तो स्पोरन झाकतो आणि मागे चुण्यांवर तरंगतो.

तथापि पारंपरिक किल्टला सुमारे आठ वार लोकर लागते आणि तिचे वजन वाराला 13 ते 16 औंस असते. मे महिन्यात दादरच्या एखाद्या मंगल कार्यालयात त्यावर जाकीट चढवणे ही शिक्षाच आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट खोचून वर फक्त वेस्टकोट घालावा, आणि वेस्टकोट असताना रुंद पट्टा बांधू नये. तसा तो बांधण्याची रीत नाही आणि पोटही वाढल्यासारखे दिसते. वेस्टकोट नसेल तर नेहरू जाकीट आखूड करून घेता येईल, मात्र ते किल्टच्या वरच्या कडेखाली दोन इंचांहून अधिक उतरू देऊ नये.

टार्टनवर शर्ट एकरंगी असावा, आणि शक्यतो त्या चौकड्यांत बारीक रेघेपुरता येणारा रंग निवडावा. चौकडीवर चौकडी मला तरी कधीच पटलेली नाही. जाड लोकरीवर मलमल फार दुबळी दिसते आणि घामाने पारदर्शक होते. खादी, लिनन किंवा ऑक्सफर्ड कापड बरे. गळ्याला दोरी असलेला जॅकोबाइट शर्ट हौसेला ठीक आहे, कार्यालयात नको. टी-शर्ट काळ्या किल्टवर निःसंकोच घालावा, फक्त तो खांद्यात नेमका बसणारा हवा.

परळकर

सर्वांचे मनापासून आभार. निळा स्कर्ट सहा कळ्यांचा आणि चांगलाच घेरदार आहे, म्हणजे आखूड शर्टच हवा. आणखी एक शंका आहे. कार्यालयात शर्ट खोचलेलाच बरा वाटतो, पण लोकलमध्ये वरची कडी धरून उभे राहिले की परळ येईपर्यंत तो एका बाजूने पूर्ण निघालेला असतो. शर्ट अधिक लांब शिवला तर हे थांबेल का?

सुईदोरा

काही अंशी थांबेल, पण मूळ कारण बहुधा मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या काखेजवळच्या कापात, आहे. तयार शर्टांचा मुंढा सर्व बांध्यांना चालावा म्हणून खोल कापलेला असतो, त्यामुळे हात वर केला की बाहीबरोबर शर्टाची ती संपूर्ण बाजू ओढली जाते. मुंढा काखेच्या जवळ, उंच कापला तर हात मोकळेपणी वर जातो आणि अंगाचा भाग जागेवर राहतो. मास्तरांना ट्रायल देताना कडी धरल्यासारखा हात वर करूनच पाहावे. तयार शर्टाचा मुंढा नंतर उंच करता येत नाही, कारण तेथले कापड आधीच गेलेले असते. ते शर्ट आखूड करून बाहेर सोडायला ठेवावेत आणि खोचण्यासाठी दोन-तीन नवे, 30 इंच लांबीचे शिवून घ्यावेत.

उंच मुंढ्याला घाम अधिक लागतो, म्हणून त्यांना पॉलिएस्टरमिश्रित कापड घेऊ नये. मंगलदास मार्केटमध्ये सुती शर्टिंग भरपूर मिळते. पन्हा मोठा असेल तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला पावणेदोन मीटर पुरते. कापड शिवायला देण्यापूर्वी भिजवून वाळवून घ्यावे, कारण आखूड शर्टात अर्धा इंच आटलेलाही लगेच दिसतो.