मदत हवी आहे: सरपंचाच्या वकिलाची नोटीस आली, अर्जंट

पांदणवाला: 15 दिवसात लेखी माफी मागा नाहीतर 10 लाखाचा दावा लावू आणि फौजदारी केस वेगळी, असं लिहून आलंय. मी गावाच्या ग्रुपवर पांदण रस्त्याच्या कामाबद्दल टाकलं होतं, जे अख्ख्या गावाले माहीत आहे तेच. सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, यवतमाळले चकरा मारायले टाइम नाही. पोलीस उचलून नेतात का? लवकर सांगा.

तुरीचं_शेत: लिहिलं काय ते टाक ना भाऊ, शब्द न् शब्द. अन् कधी?

कापूसबोंड: काही होत नाही. माझ्या काकाले अशीच आली होती, उत्तरच नाही दिलं.

वकील_दारव्हा: असले सल्ले देऊ नका, उत्तर द्याच. बदनामी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, पोलीस थेट उचलत नाहीत, समोरच्यालाच मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार करावी लागते. मेसेज 1 जुलै 2024 नंतरचा असेल तर न्याय संहितेचं कलम 356, 2 वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा.

पांदणवाला: याच पोळ्याचा आहे. "मस्टरवर कामावर न आलेल्याइची नावं आहेत, मुरूम टाकलाच नाही, सरपंचानं पैसे खाल्ले." एवढंच.

कापूसबोंड: खरं आहे ना, मग बदनामी कायची?

वकील_दारव्हा: दिवाणीत खरं सिद्ध झालं की सुटका. फौजदारीत लोकहितही दाखवावं लागतं, ते इथे जड नाही. पण मस्टर आणि मुरूम कागदावर सापडतील, पैसे खाल्ल्याचा पुरावा काय?

विदर्भ_आरटीआय: माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिका, म्हणजे किती काम झालं त्याची नोंदवही मागव, मी तर प्रत्येक कामाची मागवतो.

तुरीचं_शेत: त्याले 30 दिवस लागतात अन् नोटीस 15 ची! मस्टर रोजगार हमीच्या साइटवर दिसते, आजच उतरवून ठेव.

गोठा: पांदण कोणी अडवली असेल तर तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम 5 आहे, आमची तशीच मोकळी झाली.

तुरीचं_शेत: त्यानं ते विचारलंच नाही हो. वकीलसाहेब, सुप्रीम कोर्टाच्या 1994 च्या राजगोपाल निकालात पदावरच्या माणसाले बदनामीच्या दाव्यात संरक्षण कमी आहे ना?

वकील_दारव्हा: हो. त्याच्या सरकारी कामाबद्दल लिहिलं आणि वाजवी पडताळणी केलेली असली, तर ते पूर्ण खरं ठरलं नाही तरी भरपाई मिळत नाही. मात्र खोटं आणि आकसानं लिहिलेलं निघालं तर बचाव नाही. नोटीस सरपंचाचीच ना?

पांदणवाला: सरपंच बाई आहेत, पण सगळा कारभार नवराच पाहते, गाव त्यालेच सरपंच म्हणते. नोटीस त्याची.

वकील_दारव्हा: हे आधी सांगायचं होतं! नवरा पदावर नाही, 1994 ची ढाल त्याच्याविरुद्ध सरळ लागणार नाही. पण सार्वजनिक प्रश्नात कोणाच्याही वागण्यावर सद्भावनेनं मत मांडायला कलम 356 मध्ये अपवाद आहे, त्यासाठी काम तोच चालवत होता हे दाखवा. ग्रामसभेत कोण बोलायचं, साइटवर कोण उभं राहायचं?

पांदणवाला: तोच. व्हिडिओ आहे. मेसेज डिलीट करू का?

वकील_दारव्हा: अजिबात नाही, पूर्ण चॅट ठेवा. तालुका विधी सेवा समितीत विचारा, पात्र असाल तर वकील फुकट मिळेल.

कापूसबोंड: माफी मागू नको फक्त.

पांदणवाला: समितीचं ऑफिस शनिवारी उघडं राहते का?