४२०० मीटरचा माथा, एका दिवसात जाऊन-येऊन: तयारीसाठी मदत हवी आहे

सुरुवात २७०० मीटरवरून, माथा ४२००. जाऊन-येऊन २२ किमी. वाट मळलेली आहे, दोर लागत नाही. हाताशी दहा आठवडे आहेत. सध्या आठवड्यातून तीनदा ५ किमी धावणं होतं, पण पाठीवर सॅक घेऊन चढायची सवय नाही. कोणता व्यायाम वाढवावा? आदल्या संध्याकाळी गाडीने पायथ्याशी पोचून पहाटे निघालं तर चालेल का? पाणी किती न्यावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण सगळा दिवस त्यावर ठरणार आहे. नाही, चालणार नाही. माथ्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के उरतो आणि एका श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. धावून कमावलेला दम चढायला कामी येतो, पण विरळ हवेच्या त्रासापासून वाचवत नाही. उलट चांगल्या दमाची माणसं झपाझप वर जातात आणि तिथेच फसतात.

शरीर सरावायला रात्री लागतात. निदान दोन रात्री पायथ्याच्या उंचीवर झोपा आणि मधल्या दिवशी ३३००-३४०० पर्यंत रमतगमत चढून खाली या. या रात्रींत दारू नको, झोपेच्या गोळ्याही नकोत.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर हा त्रास उंची गाठल्यावर बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. त्यामुळे माथ्यावर बरं वाटलं म्हणून तिथे रेंगाळू नका. डोकं दुखायला लागलं तर पुढे चढायचं नाही. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर ताबडतोब खाली, सोबत कुणीतरी हवंच.

डायमॉक्सबद्दल (विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरांशी बोला. प्रतिबंधासाठी मोठ्यांना सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधीच सांगा. गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते; घाबरू नका.

प्रतिसाद २

व्यायामाचं सांगते. धावणं दोन दिवसांवर आणा. तिसऱ्या दिवशी सॅक घेऊन जिने चढा. पायरी १७ सेंमीची धरली तर १००० मीटर चढाईला जवळपास ५९०० पायऱ्या होतात. एका दमात नकोत, दर आठवड्याला वाढवत न्या. वजन ३ किलोपासून सुरू करून ८ किलोपर्यंत. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरा, म्हणजे गुडघा कुरकुरला तर वर पोचल्यावर पाणी ओतून हलकं उतरता येतं.

पण खरी परीक्षा १५०० मीटर उतरण्याची आहे, आणि लोक नेमकी तीच तयारी सोडतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो. सपाटीवरच्या धावण्यात हा सराव फारसा होत नाही, म्हणून तिसऱ्या-चौथ्या तासाला पाय लटपटायला लागतात. उपाय साधा आहे: २० सेंमीच्या पायरीवर एका पायावर उभं राहा आणि चार आकडे मोजत दुसऱ्या पायाची टाच जमिनीला अलगद टेकवा. टाचेवर भार न देता पुन्हा वर. दहा वेळा, तीन फेऱ्या, दोन्ही पायांनी. आरशात बघा: गुडघा आत कलत असेल तर कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर आहेत. पायरी १० सेंमीवर आणा आणि आधी ते सुधारा.

शेवटची मोठी चाल, सात-आठ तासांची, दोन आठवडे आधी संपवा. त्यानंतर फक्त हलका व्यायाम.

धागाकर्ता

मनापासून धन्यवाद, पायथ्याशी दोन रात्री वाढवतो. वेळेचा हिशोब कसा मांडायचा? सपाटीवर ताशी ५ किमी चालणं होतं.

प्रतिसाद १

नेहमीच्या नियमाने ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक, म्हणजे सुमारे सात तास येतात. एवढ्या उंचीवर तो आकडा धरू नका. ताशी ३०० मीटर चढाई धरा: वर जायला पाच तास, उतरायला साडेतीन ते चार, थांबे एक तास. दहा तास झाले. पहाटे ३ला निघालात तर साडेआठच्या सुमारास माथा. परतीची वेळ आधीच ठरवा, समजा ११. माथा शंभर मीटरवर असला तरी ११ला वळायचं, कारण दुपारी ढग दाटून विजा पडायला लागल्या की डोंगराची उघडी धार सर्वांत धोक्याची. चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा.

प्रतिसाद ३

पाणी ३ ते ४ लिटर, तासाला ३०० ते ४०० मिली, त्यातलं निदान एक लिटर ओआरएसचं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्याचीही डोकेदुखी-मळमळ विरळ हवेच्या त्रासासारखीच दिसते. कडाक्याच्या थंडीत सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची नळी आधी गोठते, तेव्हा एक बाटली हवीच. ती सॅकमध्ये उलटी ठेवा, कारण बर्फ वरून धरतो आणि झाकण मोकळं राहतं. वर भूक मरते, म्हणून दर ४५ मिनिटांनी दोन घास, भूक नसली तरी.

माथा पायथ्यापेक्षा ९-१० अंशांनी थंड असेल, वारा वेगळा. सुती कपडे अजिबात नकोत, घाम धरून ठेवतात. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. उबदार वाटत असेल तर एक थर काढा. बर्फ असेल तर श्रेणी ४चा (सर्वांत गडद काचेचा) गॉगल, बाजूंनी झाकलेला. हेडलॅम्पचे जादा सेल आणि फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत चार्ज झपाट्याने उतरतो.

पायांची नखं दोन दिवस आधी कापा. उतरायला लागण्यापूर्वी बुटांच्या नाड्या घोट्यापाशी पुन्हा घट्ट आवळा, म्हणजे पाय पुढे सरकून अंगठा ठेचणार नाही, आणि पोल (चालताना आधाराच्या काठ्या) पाचेक सेंमीने लांब करून घ्या.